दोन खोल्या आणि एक जेवणाचं टेबल: तोकिवादाइरा वसाहतीचा प्रकरण अभ्यास

टोकियोच्या ईशान्येला, साधारण वीस किलोमीटरवर, चिबा प्रांतात मात्सुदो नावाचं शहर आहे. १९६० साली तिथल्या शेतजमिनीवर तोकिवादाइरा ही भाड्याच्या घरांची सरकारी वसाहत राहती झाली. जवळपास पाच हजार घरं. बहुतेक इमारती चार मजल्यांच्या, लिफ्ट नाही. मध्येच काही इमारती वाय अक्षरासारख्या तीन पंखांच्या, म्हणजे प्रत्येक घराला तीन बाजूंनी उजेड. राहायला आली ती तिशीच्या आतबाहेरची जोडपी, एखाद्या लहान मुलासह किंवा मूल होण्याच्या बेतात असलेली. अशा वसाहतीला जपानीत 'दांची' म्हणतात.

१९५५ ते १९६५ या दहा वर्षांत जपानचं कुटुंब बदललं. स्वयंपाकघर बदललं, जेवायला बसण्याची पद्धत बदलली, मुलांची संख्या घटली, सासू-सून एका छपराखालून दूर झाल्या. हे कसं झालं असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: युद्ध हरले, अमेरिकन आले, त्यांचं पाहून जपानी लोक बदलले. हे उत्तर मला आळशी वाटतं. तोकिवादाइरासारखी एकच वसाहत जवळून पाहिली की दिसतं, बदलाचा बराचसा भाग घराच्या नकाशात आणि भाड्याच्या अटींमध्ये आधीच लिहिलेला होता. माणसं त्या घरांत राहायला गेली आणि तशी झाली. पूर्णपणे मात्र नाही, आणि तोही या प्रकरणाचाच भाग आहे.

घरांचा दुष्काळ

१९४५ मध्ये युद्ध संपलं तेव्हा जपानला सुमारे ४२ लाख घरं कमी पडत होती. शहरं बॉम्बहल्ल्यांत जळाली होती. मांचुरिया, कोरिया, तैवानातून लाखो लोक परतत होते. टोकियोत मोडक्या बसगाड्यांमध्येही बिऱ्हाडं थाटलेली होती.

१९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं आणि अमेरिकन सैन्याच्या खरेदीने जपानी कारखान्यांची धुरांडी पुन्हा धुमसू लागली. १९५५ नंतर अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास वाढू लागली आणि हा वेग जवळपास १९७३च्या तेलसंकटापर्यंत टिकला. १९५६च्या आर्थिक श्वेतपत्रिकेतलं एक वाक्य त्या काळी सगळ्यांच्या तोंडी होतं: 'आता युद्धोत्तर काळ राहिलेला नाही.' लोकांनी ते विजयाच्या घोषणेसारखं घेतलं. लिहिणाऱ्यांचा सूर इशाऱ्याचा होता: पडझडीतून उभं राहताना होणारी सोपी वाढ संपली, यापुढची वाढ कष्टाची आहे. सरकारी अहवालातलं वाक्य लोकांनी उचलावं आणि नेमकं उलटं वाचावं, हे काही जपानपुरतंच घडत नाही.

खेड्यांतून तरुण शहरात येत होते. बहुतेक धाकटे मुलगे, कारण घर आणि शेत थोरल्याकडे जाण्याची जुनी रीत. शहरात त्यांना मिळे ती लाकडी इमारतीतली एक खोली, साडेचार तातामी चटया मावतील एवढी, संडास सामाईक, अंघोळीला सार्वजनिक स्नानगृह. घर मिळत नाही म्हणून लग्न लांबलेली जोडपी कमी नव्हती. १९६२ मध्ये टोकियोची लोकसंख्या एक कोटीच्या पुढे गेली.

सर्वांत गरिबांसाठी स्थानिक संस्थांची घरं होती. श्रीमंतांना कोणाची गरज नव्हती. मधल्या नोकरदाराचं काय, या प्रश्नावर जुलै १९५५ मध्ये जपान गृहनिर्माण महामंडळ स्थापन झालं. पुढच्याच वर्षी ओसाकाजवळ साकाई इथे त्याची पहिली वसाहत तयार झाली. तोकिवादाइरा त्यानंतर चार वर्षांनी आलेली, म्हणजे प्रयोग संपून साचा पक्का झाल्यानंतरची.

नकाशा कोणी काढला

जुन्या जपानी घरात खोलीला ठरलेलं काम नसे. सकाळी अंथरूण कपाटात, मध्ये बुटकं टेबल, त्याभोवती जेवण. रात्री टेबल भिंतीशी उभं, अंथरूण खाली. जागा कमी असेल तर ही उत्तम सोय, असं सगळे धरून चालले होते. उझो निशियामा या वास्तुशास्त्राच्या अभ्यासकाने युद्धाआधी आणि युद्धाच्या काळात सामान्य लोकांची लहान घरं प्रत्यक्ष पाहिली, तेव्हा वेगळंच दिसलं. अगदी चिंचोळ्या घरातही लोक जमेल तसं जेवायची जागा आणि झोपायची जागा वेगळी ठेवत होते. मग किमान घराचं सूत्र त्यांनी त्यावरून मांडलं: घर कितीही लहान असो, खाणं आणि झोपणं वेगळं.

युद्धानंतर टोकियो विद्यापीठातल्या यासुमी योशिताके यांच्या गटाने १९५१ मध्ये सरकारी घरांसाठी सुमारे ३५ चौरस मीटरचा एक नकाशा केला. त्याचं सांकेतिक नाव '५१-सी'. वेगळी जेवणाची खोली देणं परवडत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरच थोडं मोठं करून त्यात जेवणाची सोय केली, आणि दोन खोल्या झोपायला मोकळ्या ठेवल्या: एक आईवडिलांना, एक मुलांना. गृहनिर्माण महामंडळाने हा विचार उचलला, थोडा वाढवला, त्याला 'डायनिंग किचन' असं चकचकीत नाव दिलं. दोन खोल्या अधिक डायनिंग किचन म्हणजे टू-डीके. आजही जपानी घरांच्या जाहिराती याच भाषेत असतात.

इथे एक बारीक अडचण होती. लोक खुर्चीवर बसून जेवत नव्हते. स्वयंपाकघरात थोडी जास्त जागा दिसली की ते तिथे सामान रचणार आणि जेवायला पुन्हा चटईवर जाणार, हे महामंडळाला कळत होतं. म्हणून सुरुवातीच्या घरांत त्यांनी टेबल स्वतःच बसवून दिलं. खुर्च्या मात्र भाडेकरूने आणायच्या. मला या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत बोलका तपशील वाटतो. कुठे बसून जेवायचं हे सरकारने कायद्याने सांगितलं नाही. एक टेबल ठेवलं आणि वाट पाहिली.

ओट्याची गोष्टही अशीच. जुनं स्वयंपाकघर उत्तरेला, अंधारं, ओलं आणि थंड. सिंक सिमेंटच्या घोटाईचं किंवा पत्र्याचं. मिहो हामागुची ही जपानची पहिली परवानाधारक स्त्री वास्तुविशारद. १९४९ मध्येच तिने जपानी घराच्या रचनेत मुरलेल्या सरंजामशाहीवर पुस्तक लिहिलं होतं: दर्शनी, उजेडाच्या खोल्या पाहुण्यांना आणि घरधन्याला, मागची अंधारी जागा बाईला. महामंडळाच्या ओट्याच्या कामात तिचा हात होता. सिंक मध्ये ठेवावं म्हणजे धुणं, चिरणं, शिजवणं यांतल्या येरझाऱ्या वाचतात, असा तिचा आग्रह. सिंक एकाच साच्यात दाबून हजारोंनी काढता यावं, यासाठी कारखान्याने आधी बरेच पत्रे फाडले. शेवटी ते जमलं, आणि लखलखणारं स्टेनलेस स्टीलचं सिंक हे दांचीचं चिन्हच होऊन बसलं. अनेक नकाशांत स्वयंपाकघर दक्षिणेच्या उजेडात आलं. स्वयंपाक करणारी व्यक्ती घराच्या मागून पुढे आली, असं म्हणता येईल. स्वयंपाक करणारी व्यक्ती बदलली मात्र नाही.

बाकीच्या सोयी भराभर सांगतो. प्रत्येक घरात स्वतःचं न्हाणीघर. फ्लशचा संडास, १९६०च्या सुमारास महामंडळाने कमोड स्वीकारला तेव्हा त्यावर कसं बसायचं याची चित्रं आत लावावी लागली. जमिनीवर तातामी चटया, पण आखूड: क्योतोच्या पारंपरिक मापात चटई १९१ सेंटिमीटर लांब, दांचीत १७०च्या आसपास. 'सहा चटयांची खोली' म्हणून भाडेकरू हरखून यायचा आणि कपाट लावताना त्याला फरक कळायचा. आणि लोखंडी दार, त्याला कुलूपकिल्ली. जुन्या लाकडी घराला कुलूप लावून सगळ्यांनी बाहेर जाणं ही कल्पनाच नव्हती. कोणीतरी घरी असेच. दांचीत दार ओढलं की घर बंद.

कोणाला आत घेतलं

घरं सोडतीने मिळत आणि अर्ज घरांच्या कितीतरी पट येत. म्हाडाच्या सोडतीकडे डोळे लावून बसलेल्या मुंबईकराला ती धाकधूक वेगळी समजावून सांगायला नको. पण सोडतीत नाव घालण्याआधीच एक गाळणी होती. महिन्याचं उत्पन्न भाड्याच्या साडेपाच पट असावं, अशी अट होती. म्हणजे कारखान्यातला रोजंदारीवाला बाहेर, छोटा दुकानदार बहुधा बाहेर. राहिले ते मोठ्या कंपन्यांचे आणि सरकारी कचेऱ्यांचे पगारदार.

दोन खोल्यांमुळे दुसरी गाळणी आपोआप लागली: आजी-आजोबांना जागाच नव्हती. १९४८ पासून लागू झालेल्या नव्या नागरी कायद्याने घरधन्याच्या हाती सगळी सत्ता देणारी जुनी कुटुंबपद्धती मोडीत काढली होती. कायदा झाला, तरी सून सासूच्याच घरात नांदत होती, कारण दुसरं घर नव्हतं. कायद्याने दिलेली मोकळीक वापरायला लागणारी जागा बारा वर्षांनी तोकिवादाइरासारख्या ठिकाणी मिळाली. १९६०च्या आसपास लग्नाळू मुलींच्या अपेक्षांबद्दल एक चावट घोषवाक्य फिरत होतं: घर असावं, मोटार असावी, म्हातारी नसावी. मोटार यायला अजून वेळ होता. तिसरी अट दांचीने पुरी केली.

१९५८ मध्ये एका साप्ताहिकाने या लोकांना 'दांची जमात' असं नाव दिलं आणि ते रुळलं. १९६०च्या राष्ट्रीय जीवनमान श्वेतपत्रिकेतही त्यांचं वर्णन आलं: वयाच्या मानाने मिळकत चांगली, कुटुंब लहान, शिकलेले, नामांकित कंपनीत किंवा सरकारी नोकरीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, अमेरिका दौऱ्यावर जाण्याआधी, युवराज अकिहितो आणि युवराज्ञी मिचिको टोकियोच्या पश्चिमेकडची हिबारिगाओका वसाहत पाहायला गेले. ते ज्या गॅलरीत उभे राहिले तिचा तुकडा वसाहत पाडल्यानंतरही जपून ठेवला आहे. मिचिको राजघराण्याबाहेरची, उद्योगपतीची मुलगी. तिच्या नव्या राजवाड्यात तिच्यासाठी स्वयंपाकघर बांधलं होतं आणि मुलं दाईकडे न सोपवता तिने स्वतःजवळ वाढवली. दांचीतली बाई युवराज्ञीकडे पाहत होती हे खरं, पण राजवाडाही दांचीकडे पाहत होता.

आत काय झालं

त्या वर्षांत दूरचित्रवाणी संच, कपडे धुण्याचं यंत्र आणि फ्रिज यांना राजघराण्याच्या तीन पवित्र चिन्हांवरून 'तीन दैवी रत्नं' म्हणत. शहरी घरांच्या पाहण्यांनुसार १९५७ मध्ये टीव्ही शंभरातल्या आठेक घरांत होता, १९६५ मध्ये नव्वदांत. धुण्याचं यंत्र वीस टक्क्यांवरून सत्तरीच्या जवळ गेलं, फ्रिज तीनावरून पन्नासच्या पुढे. १० एप्रिल १९५९ची युवराजांच्या लग्नाची मिरवणूक पाहण्यासाठी लोकांनी टीव्ही घेतले. दांचीत ही खरेदी आणखी वेगाने झाली. पगार ठरलेला, हप्ता ठरलेला, आणि भिंतीपलीकडच्या घरात काय आलं हे जिन्यातच कळे. गंमत अशी की सुरुवातीच्या नकाशांत धुण्याच्या यंत्राला जागाच नव्हती. ते गॅलरीत किंवा न्हाणीघराच्या तोंडाशी अवघडून उभं असे. एवढे हुशार नकाशाकार, पण पाच वर्षांपुढचं त्यांना दिसलं नाही.

टेबल जिंकलं. एका पिढीत खुर्चीवर बसून जेवणं नेहमीचं झालं. झोपण्याच्या बाबतीत मात्र नकाशा हरला. आईवडील एका खोलीत आणि मुलं दुसऱ्या खोलीत, हे कागदावर ठीक होतं. प्रत्यक्षात बहुतेक घरांत लहान मूल आईच्या कुशीतच झोपत राहिलं, दुसऱ्या खोलीत कपाट, टीव्ही, पुढे अभ्यासाचं टेबल आणि जागा उरली तर पाहुणे. बूट दाराशीच निघत. अंथरुणं सकाळी गॅलरीच्या कठड्यावर उन्हात पडत. काँक्रीटच्या चार मजल्यांवर एका रांगेत लोंबणाऱ्या गाद्यांचं दृश्य त्या काळच्या छायाचित्रांत हमखास दिसतं. अमेरिकेची नक्कल म्हणणाऱ्यांनी या गाद्यांचं काय करायचं ते ठरवावं.

मुलं कमी झाली. जपानमधला एकूण जननदर १९४७ मध्ये साडेचारच्या वर होता, १९६० मध्ये दोनवर आला. हे काही दांचीने केलं नाही. १९४८च्या कायद्याने गर्भपात मोकळा केला होता आणि घट त्यानंतर लगेच सुरू झाली होती. पण दोन मुलं, नोकरदार बाप, घरी आई हे कुटुंब जणू कायमचंच असं जे वाटू लागलं, त्यात दोन खोल्यांच्या घराचा वाटा मोठा. तिसऱ्या मुलाला अंथरूण घालायचं कुठे?

नकाशाबाहेरचं

घर महामंडळाने दिलं, नोकरी टोकियोत. तोकिवादाइरातून शिन-केइसेई रेल्वेने मात्सुदो, तिथून जोबान मार्गाने उएनो. शिन-केइसेईचा (२०२५ पासून केइसेई मात्सुदो मार्गाचा) रूळ विनाकारण वळणं घेत जातो, कारण तो मुळात लष्कराच्या रेल्वे पलटणीने सरावासाठी टाकलेला. सैनिकांनी कवायत म्हणून घातलेल्या वळणांवरून आता कारकून कचेरीला जात होते. डब्यांत ठरलेल्या क्षमतेच्या दुप्पट आणि त्याहून अधिक माणसं कोंबली जात. ३ मे १९६२च्या रात्री याच जोबान मार्गावर मिकावाशिमा स्थानकाजवळ मालगाडी आणि दोन प्रवासी गाड्यांचा अपघात झाला, १६० माणसं गेली. पहिल्या धडकेनंतर लोक दारं उघडून रुळांवर उतरले होते आणि समोरून दुसरी गाडी आली. तेजीच्या दशकाचा हिशोब मांडताना हे आकडे वेगळ्या वहीत ठेवण्याची सवय आहे. माझ्या मते ते त्याच वहीत हवेत.

नवरा पहाटे गेला की रात्रीच यायचा. दिवसभर वसाहत बायकांची आणि मुलांची. पाळणाघर नाही, शाळा अपुऱ्या. सासू नको होती हे खरं, पण सासू नाही म्हणजे मूल सांभाळायलाही कोणी नाही, हे कळायला फार दिवस लागले नाहीत. मग देशभरच्या दांचींत बायकांनी रहिवासी संघ बांधले, आळीपाळीने मुलं सांभाळली, नगरपालिकांकडे पाळणाघरांसाठी खेटे घातले. 'टपालपेट्यांइतकी पाळणाघरं हवीत' ही त्या काळची घोषणा. ज्या घराच्या दाराला कुलूप लावता येतं म्हणून त्या आल्या होत्या, त्याच दाराबाहेर येऊन त्यांनी संघटना केल्या. लोखंडी दारांमुळे शेजार संपला असं सरसकट म्हणणाऱ्यांनी साठच्या दशकातल्या रहिवासी संघांच्या सभा विचारात घेतलेल्या नसतात.

आणि ज्यांची जमीन गेली ते? तोकिवादाइराची योजना आली तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी काही वर्षं चिवट विरोध केला. युद्धानंतरच्या जमीनसुधारणेने जपानी कुळांना जमिनीचे मालक केलं, त्याला दहा वर्षंही झाली नव्हती. तेच सरकार आता शहरी पगारदारांसाठी शेतजमीन मागत होतं. विरोध मोडला, काहींना पुनर्रचनेत दुसरीकडे तुकडे मिळाले, वसाहत झाली, रस्त्यांच्या कडेने चेरी आणि झेल्कोवाची झाडं लागली. आज त्या झाडांचं कौतुक होतं. मात्सुदोच्या नगर संग्रहालयात १९६२ सालचं तोकिवादाइरातलं एक घर टीव्ही-टेबलासह हुबेहूब मांडून ठेवलं आहे, आणि त्याच्याकडे पाहताना लोकांना फक्त गोड आठवणी येतात. शेतकऱ्यांच्या भांडणाला अशी खोली मांडून दाखवता येत नाही, ही त्याची अडचण.

त्याच घरांत, चाळीस वर्षांनी

मुलं शिकून गेली, जोडपी तिथेच राहिली. २००१ मध्ये तोकिवादाइरातल्या एका घरात पन्नाशीतल्या माणसाचा सांगाडा सापडला. मृत्यू होऊन तीन वर्षं झाली होती. भाडं बँकेतून परस्पर वळतं होत होतं. शिल्लक संपली आणि भाडं थांबलं, तेव्हा कोणीतरी दार उघडलं. पुढच्या वर्षी पन्नाशीतलाच आणखी एक माणूस घरात मेलेला सापडला. जपानभर एकाकी मृत्यूची चर्चा पेटली आणि ही वसाहत तिचं उदाहरण बनली.

वसाहतीने जे केलं ते साधं आणि बिनभपक्याचं. २००४ मध्ये रहिवाशांनी एकाकी मृत्यू रोखण्यासाठी स्वतःचं केंद्र काढलं. वृत्तपत्र टाकणाऱ्यांशी बोलून ठेवलं की दारात अंक साचले तर कळवा. कुलूप उघडणाऱ्या कारागिरांशी ठरवून ठेवलं. २००७ मध्ये गप्पांसाठी एक बैठकीची जागा सुरू केली, शंभर येन द्या आणि हवा तितका वेळ बसा. महामंडळाच्या वारसदार संस्थेकडून जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचा विषय निघाला तेव्हा रहिवाशांनी तो हाणून पाडला, कारण नव्या घरांचं भाडं निवृत्तिवेतनात बसलं नसतं. त्यामुळे लिफ्ट नसलेले चार मजले राहिले. आता निम्म्याहून जास्त रहिवासी पासष्टीच्या पुढचे आहेत.

या मृत्यूंवरून पुष्कळ लेखकांनी दांचीला दोषी ठरवलं: विभक्त कुटुंब, बंद दार, शेवटी हेच. मला हे निदान अर्धवट वाटतं. रहिवाशांच्या केंद्राने स्वतः नोंदी ठेवल्या तेव्हा त्यांना एक गोष्ट खटकली आणि त्यांनी पन्नास ते चौसष्ट वयाचा वेगळा गट करून मोजायला सुरुवात केली. एकटे मरणाऱ्यांत फक्त म्हातारे नव्हते. या वयाचे पुरुष बरेच होते. नोकरी गेलेले, घटस्फोट झालेले, दारूला लागलेले. साठच्या दशकात साच्यातून निघालेल्या त्या पुरुषाला पहाटेची गाडी आणि रात्रीचं घर एवढंच जग होतं. शेजार त्याच्या बायकोने जोडला, संघ तिने चालवला, मुलांच्या शाळेत ती गेली. पुढच्या पिढीतल्या पुरुषाच्या वाट्याला तीच घडी आली, फक्त कंपनीची जन्मभराची हमी आणि बायको या दोन्ही गोष्टी खात्रीच्या राहिल्या नाहीत. वृद्धांसाठीच्या बहुतेक सरकारी सोयी पासष्टीला सुरू होतात, त्यामुळे पासष्टीच्या अलीकडचा हा माणूस त्यांच्या यादीत बसत नाही. त्याचं दार वाजवायचं काम तोकिवादाइरात अजून रहिवासी संघाकडेच आहे.